घरशाळेत आवर्तसारणी हाताने करून कशी शिकवायची?

गोदाकाठची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही होमस्कूलिंग करतो, मुलगा ११ चा आणि मुलगी ८ ची. लेकाला पहिली २० मूलद्रव्यं तोंडपाठ आहेत, हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत एका दमात म्हणतो, पण सोडियमच्या बरोब्बर खाली पोटॅशियमच का, असं विचारलं की गप्प. दहावीच्या पुस्तकात हा धडा आहेच, पण प्रश्न त्याला आत्ता पडतायत तर तोवर कशाला थांबायचं. पोस्टर, व्हिडिओ नकोत, महागडा किट पण नको. घरी करून बघता येईल असं काही सांगा, धाकटीलाही सोबत घेता आलं तर फारच छान.

अणुअंक_११
ताई, आधी तो तयार चार्ट कपाटात ठेवा आणि काही दिवस बाहेर काढूच नका. सारणी मुलाला स्वतःला सापडली पाहिजे, बाकी सगळं नंतर.

जुन्या लग्नपत्रिका कापून १६ कार्डं करा. लिथियम ते फ्लोरिन ७, सोडियम ते क्लोरिन ७, वर पोटॅशियम आणि कॅल्शियम. हायड्रोजन आणि राजवायू (हेलियम, निऑन, आर्गॉन, जे सहसा कुणाशी जोडले जात नाहीत) सध्या मुद्दाम बाहेर. प्रत्येक कार्डावर नाव, पूर्णांकात अणुवस्तुमान आणि ते मूलद्रव्य हायड्रोजनच्या किती अणूंशी जोडलं जातं तो आकडा, म्हणजे कार्बनला ४, नायट्रोजनला ३, ऑक्सिजनला २, फ्लोरिनला १. आता सिलिकॉनचं कार्ड गुपचूप खिशात घाला आणि उरलेली पिसून त्याच्यापुढे टाका. वजनाप्रमाणे लावत गेला की १-२-३-४-३-२-१ येतं, परत १-२-३ येतं, आणि ॲल्युमिनियमच्या ३ नंतर एकदम फॉस्फरसचा ३. तिथे पोरं अडतात. तुम्ही काहीही बोलू नका, "इथे एक ४ वाला पाहिजे" हे त्याच्याच तोंडून येऊ दे. मग वजन विचारा, २७ आणि ३१ च्या मधलं म्हणून २९ म्हणेल बहुतेक, आणि मग खिशातलं २८ चं कार्ड काढा. त्यावेळचा चेहरा बघण्यासारखा असतो!

आवर्तसारणी मांडणारा रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह, त्याची गोष्ट यानंतरच सांगा. १८६९ साली ६३ मूलद्रव्यं माहीत होती, त्याने ॲल्युमिनियमच्या खाली जागा रिकामी सोडली, तिथल्या न सापडलेल्या धातूचं अणुवस्तुमान साधारण ६८ आणि घनता ५.९ च्या आसपास असेल असं सांगून ठेवलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं, शोधणाऱ्याने घनता मोजली ४.७, मेंडेलीव्हने कळवलं की परत मोजा, आणि शुद्ध नमुन्यावर ती ५.९ च निघाली. स्वतः रिकामी जागा शोधलेल्या मुलाला ही गोष्ट वेगळीच भिडते.

मोरचूद
वरचं एकदम पटलं. धाकटीसाठी घरातली शोधाशोध ठेवा. तांब्याचा लोटा, लोखंडी तवा, ॲल्युमिनियमची फॉइल, पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, पैंजणातली चांदी, कल्हईच्या भांड्यातलं कथील, गॅल्व्हनाइज्ड बादलीवरचं जस्त. पितळ आणलं तर परत पाठवा, ते तांबं आणि जस्त मिळून झालेलं, त्याला सारणीत घर नाही. का नाही यावर आमच्याकडे मस्त वाद झाला होता.

मोठ्यासाठी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) निळ्या पाण्यात घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा. थोड्याच वेळात बुडालेल्या भागावर तांबूस थर चढतो, बोटाने पुसला तर निघतो (म्हणून ग्लोव्हज घालूनच पुसा), आणि बराच वेळ ठेवलं तर पाण्याचा निळा रंग फिका होत हिरवट होतो, लोखंड पाण्यात गेलं आणि तांबं बाहेर आलं. मोरचूद विषारी असतं, तेव्हा प्लास्टिकचा जुना डबा घ्या, स्वयंपाकाचं भांडं नको आणि हात धुवायला लावा. जुना थर्मामीटर फोडून पारा दाखवणं वगैरे अजिबात नको. जत्रेतला फुगा हेलियमचा समजून आणू नका, त्यात बऱ्याचदा हायड्रोजन असतो आणि तो पेटतो.

सूर्यरेषा
हेलियमवरून आठवलं. गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका (मोठ्यांनीच), ज्योत पिवळीधमक होते, ते सोडियम. जुनी सीडी आणि बारीक फट पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊन त्यातून बघितलं तर तो पिवळा एका जागी एकवटलेला दिसतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, तेव्हा सूर्याच्या प्रकाशात सोडियमच्या रेषांजवळच एक वेगळी पिवळी रेषा दिसली होती. तेच हेलियम, पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५ मध्ये. आपल्या देशातून दिसलेली ही गोष्ट मुलांना सांगायलाच हवी.

गोदाकाठची_आई
कार्डं केली!! सिलिकॉनची जागा त्याला सापडली, "आई तू एक लपवलंयस" म्हणाला. मग मी राजवायूंची कार्डं शून्य लिहून दिली तर त्याने आपणहून नवा उभा रकाना केला, पण आर्गॉन ४० आणि पोटॅशियम ३९, मग आर्गॉन आधी कसा म्हणून अडून बसलाय. काय सांगू?

अणुअंक_११
त्याला म्हणावं शाब्बास, अगदी नेमक्या जागी अडलायस. मेंडेलीव्हलाही असंच टेल्युरियम आणि आयोडीनपाशी अडलं होतं, त्याने वजनापेक्षा गुणधर्मांवर भरवसा ठेवला आणि जास्त वजनाचं टेल्युरियम आधी बसवलं. १९१३ मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने क्ष-किरणांवरून दाखवलं की खरा क्रम केंद्रकातल्या धनप्रभाराचा, म्हणजे अणुअंकाचा, आर्गॉन १८ आणि पोटॅशियम १९. पण हे लगेच सांगू नका. आधी कोबाल्ट आणि निकेलची कार्डं द्या, ५८.९३ आणि ५८.६९ असे दशांशासकट लिहून, आणि दोघांतलं आधी कोण ते त्यालाच ठरवू दे.