वाड्यातल्या संग्रहालयाच्या भिंतीला ओल चढतेय, सिमेंट खरवडावं का?

ओसरी:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचं गाव. गावातल्या जुन्या दुचौकी वाड्यात चाळीसेक वर्षांपासून छोटं संग्रहालय आहे. जोतं काळ्या घडीव दगडाचं, वर कमरेपर्यंत भाजक्या विटा आणि पुढे पांढऱ्या मातीची अडीच फुटी भिंत. आत मोडी कागदांचे रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे), पोथ्या, तलवारी, एक दांडपट्टा, बलुतेदारांची अवजारं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, किल्ल्या माझ्याकडे आहेत.

चार वर्षांपूर्वी एका दात्याच्या पैशातून रस्त्याकडच्या भिंतीला बाहेरून आणि आतून सिमेंटचा गिलावा झाला. ठेकेदार म्हणाला, आता पन्नास वर्षं बघायला नको. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्यापासून रंगाचे पोपडे सुटायला लागले. आता माजघराच्या भिंतीला चार फुटांपर्यंत ओल आहे आणि ओलीच्या वरच्या कडेला पांढरी भुकटी येते. बोट लावून जिभेवर ठेवली, खारट लागली.

यंदा भाद्रपदात त्या भिंतीलगतचं कपाट उघडलं तर दोन रुमालांतल्या कागदांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या. त्यात गावच्या पाटाच्या पाण्याच्या वाटपाचे कागद आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

येत्या रविवारी विश्वस्तांची बैठक आहे. एकांचं म्हणणं, आतून ओलरोधक रसायन मारून चार फूट टाइल्स लावू. दुसरे एसी द्यायला तयार आहेत. दोघांचाही जीव आहे वाड्यावर. पण मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. सिमेंट काढावं का? काढलं आणि भिंतच सुटून आली तर?

चुनागच्ची:
ताई, वीस वर्षं वाड्यांची आणि देवळांची चुन्याची कामं करतोय. तुमचं मन बरोबर सांगतंय. टाइल्स अजिबात लावू देऊ नका.

मातीची, विटेची भिंत जमिनीतलं पाणी थोडंफार ओढतेच. जुन्या लोकांना ते माहीत होतं. चुन्याच्या आणि मातीच्या गिलाव्यातून ते पाणी उन्हाळ्यात उडून जायचं. सिमेंटने ती वाट बंद केली. मग पाणी वर चढतं आणि जिथे फट सापडेल तिथे बाहेर पडतं. पाणी उडालं की त्यातला क्षार मागे राहतो, त्याचे खडे होतात आणि ते विटेचा पापुद्रा फोडतात. यालाच आपण लोणा म्हणतो. टाइल्स लावल्या की ओल चार फुटांच्या वर जाईल आणि एक दिवस तुळईच्या टोकापर्यंत पोचेल. वाडे बसतात ते बहुतेक तुळईची टोकं भिंतीत कुजल्यामुळे.

पण सिमेंटला हात लावण्याआधी एक काम करा. पाणी येतंय कुठून ते शोधा. पाऊस पडत असताना छत्री घेऊन वाड्याभोवती फिरा. पन्हळ कुठे फुटलीय, पागोळ्यांचं पाणी कुठे साचतंय, आणि बाहेरचा रस्ता जोत्याच्या मानाने किती उंच आहे, हे बघा. मला शंका रस्त्याची आहे.

सिमेंट काढायचं ते पावसाळा सरल्यावर, छिन्नी-हातोडीने, तळाकडून हात-दीड हाताच्या पट्ट्यात. ब्रेकर मशीन आणू देऊ नका. मातीच्या भागावर जिथे गिलावा घट्ट धरून बसलाय तिथे जबरदस्ती करू नका, भिंतीचं तोंड सोबत निघून येईल. ठोकून बघा, पोकळ वाजेल तेवढंच काढा. मग भिंत उघडी ठेवा. लगेच गिलावा करायचा नाही. अडीच फुटी भिंत सुकायला एक उन्हाळा पुरत नाही, पण निदान एक तरी द्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि भुकटी गोळा करून लांब टाका. पाण्याने धुतलात तर तो परत आत जाईल.

नंतर विटेवर चुना आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, मातीवर मातीचाच गिलावा. चुना कळीचा आणून विझवून मुरवलेला हवा. गूळ, हिरड्याचं पाणी घालणारे कारागीर अजून आहेत, पण प्रमाण त्यांच्या हातात असतं, ऐकीव मापाने घालू नका. पहिला थर क्षार ओढून खराब होईल, तो दोन-तीन वर्षांनी बदलायचा. तो त्यासाठीच असतो, हे विश्वस्तांना आधीच सांगून ठेवा.

बासन:
मी हस्तलिखितांचं काम करते, म्हणून फक्त कागदांबद्दल. चिकटलेल्या कडा ओढून सोडवू नका, शाई सोबत येते. रुमाल कोरड्या खोलीत, सावलीत, पंख्याच्या थेट झोतात न येता पसरा. उन्हात मुळीच नको. सुटत नसतील तर तसेच ठेवून संवर्धकाला दाखवा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि पायांखाली ठोकळे द्या. डांबराच्या गोळ्या काढा, पाहिजे तर वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा.

एसीबद्दल. दिवसा चालू आणि रात्री बंद असा एसी नसलेलाच बरा. कागदाला आणि लाकडाला रोजची ताण-ढील सहन होत नाही. त्यापेक्षा एक आर्द्रतामापक घ्या आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. 65 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशी धरतेच.

राणीची बाग:
विश्वस्तांना पटवायला एक उदाहरण. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं. पुढे इमारतीची फार दैना झाली होती. 2003 मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि एक प्रतिष्ठान एकत्र आले, आणि काम पुरं होऊन संग्रहालय परत उघडायला 2008 उजाडलं. 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. इतकी वर्षं लागली, पण ते घाईने उरकलं नाही. आणि वाडा राज्य संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकू नका.

ओसरी:
सगळ्यांचे आभार. वाडा यादीत नाही.

दादा, काल संध्याकाळी जोराची सर आली, तेव्हा तुम्ही सांगितलंत तशी फिरले. मी परकरात असताना या वाड्याच्या दिंडी दरवाजाला पाच पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर बसून आम्ही सागरगोटे खेळायचो. काल मोजल्या, तीन आहेत. दोन पायऱ्या रस्त्याखाली गेल्या. दर चार-पाच वर्षांनी जुन्यावर नवा थर पडत गेला आणि रोज येऊन-जाऊन माझ्या लक्षात आलं नाही. सगळ्या आळीचं पाणी उतारावरून येऊन जोत्याला टेकून उभं राहतं. टॉर्चच्या उजेडात बघितलं, पाऊस थांबल्यावर तासाभरानेही तिथे बोटभर पाणी होतं.

रविवारी टाइल्सच्या आधी मी गटाराचा विषय मांडणार आहे. जोत्यालगत रस्त्याचा दीड-दोन फूट रुंदीचा सिमेंटचा थर काढून चर खणायचा, जुनी पायरी लागेपर्यंत, आणि पाणी खालच्या ओढ्याकडे वळवायचं. एसी देऊ करणाऱ्यांना विचारेन, हा खर्च उचलाल का.

कपाट आज पुढे ओढलं. मागे भिंतीला वाळवीची एक रेघ निघाली, हातभर लांब, अजून लाकडाला पोचलेली नाही. दादा, ती आत्ताच मोडू की आधी औषधवाल्याला बोलावू?

चुनागच्ची:
मोडू नका. नुसती मोडली की ती दुसरीकडून वाट काढते. आधी औषधवाल्याला दाखवा, रेघ जमिनीत कुठे जाते ते त्याला बघू द्या. आणि तुळईची टोकं टोच्याने टोचून बघा, टोचा सहज आत गेला तर लगेच कळवा. पुढच्या आठवड्यात वाईला काम आहे, येताना थांबतो.