ऍसिटोनच्या अर्कात फायटोक्रोम का सापडत नाही?

प्रश्न: पालकाची पानं ८०% ऍसिटोनमध्ये खलून कागदी क्रोमॅटोग्राफी केली. कॅरोटीन, झँथोफिल, हरितद्रव्य अ आणि ब, चारही पट्ट्या सुटल्या. फायटोक्रोमची (लाल आणि अतिलाल प्रकाशात रूप पालटणारं, वनस्पतीतलं प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य) निळी पट्टी मात्र नाहीच. द्रावक बदलू का? पुढे अंधारातल्या आणि उजेड मिळालेल्या रोपांची तुलना करायची आहे.

उत्तर १: द्रावकाचा दोष नाही. फायटोक्रोम हे प्रथिन आहे आणि त्याचा रंगीत भाग प्रथिनाला रासायनिक बंधानं जोडलेला असतो. ऍसिटोन पडलं की प्रथिन साकळतं आणि चोथ्यातच राहतं. शिवाय हिरव्या पानात ते अत्यल्प, आणि ६६० नॅनोमीटरला हरितद्रव्य त्याला पार झाकून टाकतं.
ओट पूर्ण अंधारात २५ अंशांवर ५ दिवस उगवा. पिवळट, लांबोडके कोंब येतील, त्यांचे शेंडे घ्या. मंद हिरव्या दिव्याखाली, बर्फात गार केलेल्या खलात ग्रॅममागे १ मिलि बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून वाटा: १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८.३), ५ मिलिमोलर ईडीटीए, १४ मिलिमोलर मरकॅप्टोइथेनॉल. पीएमएसएफ (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं रसायन) अगदी वाटताना घाला. पाण्यात ते लवकर निकामी होतं, आणि ते नसेल तर कोंबातलीच एन्झाइमं प्रथिन कुरतडतात. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच. मलमलीतून गाळून ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करा.

उत्तर २: स्पेक्ट्रोफोटोमीटरवर अर्काचं प्रकाशशोषण मोजताना बहुतेक जण फसतात ते पहिल्या लाल झोतावर. त्यानं उरलंसुरलं प्रोटोक्लोरोफिलाइडही (हरितद्रव्याची आधीची अवस्था) बदलतं आणि ते परत फिरत नाही. म्हणून पहिलं वाचन सोडून द्या. मग ७३० नॅनोमीटरचा (अतिलाल) झोत ३ मिनिटं, वाचन. ६६० चा (लाल) झोत ३ मिनिटं, वाचन. दर वेळी शोषण ६६० आणि ७३० दोन्हीवर घ्या. लाल झोतानंतर ६६० चं उतरतं, ७३० चं चढतं. हा फरक दोन-तीन फेऱ्यांत तसाच परत आला तरच तो फायटोक्रोमचा. फरक अगदी बारीक असतो, त्यामुळे क्युव्हेट (अर्क ठेवलेली मोजणीची कुपी) जागचं हलवू नका. अर्क गढूळ असेल तर गाळ बसतानाच आकडे सरकतात, तेव्हा पुन्हा सेंट्रिफ्यूज करा.

प्रश्नकर्ता: मग तुलनेसाठी हिरवी रोपं घ्यायचीच नाहीत?

उत्तर १: नकोत. सगळी रोपं अंधारातलीच ठेवा. काहींना ५ मिनिटं लाल प्रकाश देऊन परत अंधारात ठेवा आणि ०, २, ४ तासांनी वाटा. लाल प्रकाशानं बदललेलं फायटोक्रोम अ (अंधारातल्या रोपांत मुख्यतः असणारा प्रकार) पेशीत झपाट्यानं मोडतं, त्यामुळे लाल-अतिलाल वाचनांतला फरक दर टप्प्याला घटलेला दिसेल. तुलना मात्र कोंबांच्या समान वजनावरच करा.