मदत हवी आहे: स्पेक्ट्रमवर टेप लोड होत नाही (फोंडा)

मंडळी, फोंड्यात मुलांना ‘वॉरगेम्स’ (1983) हा सिनेमा दाखवून त्याच काळातला घरगुती कॉम्प्युटर हाताळायला द्यायचाय. काकांचा 48के (किलोबाइट) रॅमचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा कॉम्प्युटर चालू होतो, जुन्या टीव्हीवर चित्र स्वच्छ. मेमरी तपासली, रॅमचा शेवटचा पत्ता 65535 येतो, म्हणजे रॅम पूर्ण दिसते.

प्रोग्रॅमची टेप (ऑडिओ कॅसेट) लावली की स्क्रीनच्या कडेला लाल-आकाशी पट्टे येतात, प्रोग्रॅमचं नावही उमटतं; मग निळे-पिवळे पट्टे सुरू झाले की मध्येच ‘टेप लोडिंग एरर’. प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसलं, आवाज कमी-जास्त केला, कॅसेट बदलली. मोबाईलवरून स्टिरिओ वायरने त्याच प्रोग्रॅमची ऑडिओ फाईल वाजवली, तरी तेच.

इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) नको, ते पट्टे आणि तो कर्कश आवाज मुलांनी खऱ्या मशीनवरच अनुभवायला हवा. मूळ बोर्डावर सोल्डरिंगही टाळायचंय.

मोबाईलसाठी मोनो वायरच लागते का, की इथल्या दमट हवेने इअर सॉकेटचे (टेपचा आवाज कॉम्प्युटरमध्ये जातो ते भोक) संपर्क खराब झाले असतील? सोल्डरिंग न करता ते कसं ओळखायचं?