पाच जणांच्या बातमी-साइटवर पाचही जण ॲडमिन कशाला?

रात्रपाळी (धागाकर्ता): आमची तालुक्यापुरती बातम्यांची साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे. माणसं पाच, पाचही ॲडमिन, म्हणजे साइटवरचे सगळे अधिकार असलेले. मागच्या महिन्यात एक बातमीदार काम सोडून गेला, दुसऱ्याने त्याचं खातं उडवलं. उडवताना वर्डप्रेस विचारतं, मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावावर करायचा? घाईत पहिला पर्याय दाबला गेला. बातम्या ट्रॅशमधून परत आणल्या, पण त्याने चढवलेले फोटो कायमचे गेले. त्यात पुराचे फोटो होते. माझं म्हणणं, ॲडमिन दोघंच असावेत.

खिळेजुळारी: दोष घाईचा आहे, अधिकाराचा नाही. अधिकार कमी करून 'योगदानकर्ता' (वर्डप्रेसमधली खालची भूमिका) केलेल्या माणसाला फोटो चढवता येत नाही आणि स्वतःची छापून गेलेली बातमी दुरुस्तही करता येत नाही. रात्री साडेअकराला अपघातातल्या मृतांचा आकडा चुकलाय हे कळलं, तर सकाळपर्यंत तसाच ठेवायचा? त्या घरांतल्या लोकांचा विचार करा.

रात्रपाळी: म्हणून तर 'लेखक' ही भूमिका आहे. आपली बातमी लिहा, लावा, दुरुस्त करा, फोटो चढवा. प्लगइन (साइटला जोडलेले जादा प्रोग्राम) आणि इतरांची खाती यांना हात लागत नाही.

खिळेजुळारी: आणि चूक दुसऱ्याच्या बातमीत असली तर? लेखकाला तिथे काहीच करता येत नाही.

कोडकरी: रात्री जो बसतो त्याला 'संपादक' करा, त्याला इतरांच्या बातम्याही दुरुस्त करता येतात. पण संपादक म्हणजे निर्धोक, असं समजू नका. साध्या एकाच साइटवर त्याला बातमीत स्क्रिप्टही (वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा कोड) घालता येते, त्यामुळे त्याचा पासवर्ड फुटला तर वाचकांपर्यंत धोका पोचतो.
दुसरं, जाहिरातींसाठी स्वतः प्लगइन लिहून घेतलं असेल तर ते तपासा. मेनूतून बटण काढलं म्हणजे परवानगी काढली असं होत नाही. पत्ता थेट टाकला की पान उघडतं. नॉन्स (विनंती साइटच्याच पानावरून आली का, हे पाहायचा सांकेतिक आकडा) तपासला म्हणजेही परवानगी तपासली असं नाही. प्रत्येक विनंतीला सर्व्हरनेच विचारायला हवं, या माणसाला हे करायची मुभा आहे का? ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या धोक्यांच्या २०१७च्या यादीत परवानगी न तपासण्याची ही चूक पाचवी होती, २०२१मध्ये पहिली आली.

खिळेजुळारी: हे पटलं. पण मी तीन ठिकाणी काम केलंय. अधिकार आवळले की मालकाचा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. मग कुणी काय केलं, कळायचा मार्गच उरत नाही. पाच नावांचे पाच ॲडमिन त्यापेक्षा बरे.

रात्रपाळी: आमच्याकडेही एकदा असं झालंय, नाकारत नाही. म्हणून दुसरा ॲडमिन मालकाचा नातेवाईक नको, रोज डेस्कवर बसणारा हवा. त्याला फोन केला की पाच मिनिटांत काम झालं, तर पासवर्ड कुणी मागणार नाही. उद्या तिघांना संपादक करतोय. सोडून गेलेल्याचं खातं यापुढे उडवायचं नाही, 'सदस्य' (बातम्यांना हात लावता न येणारी सगळ्यात खालची भूमिका) करून पासवर्ड बदलायचा.

खिळेजुळारी: महिनाभर चालवा आणि इथे सांगा. तो माणूस रजेवर असेल त्या रात्रीचं आधी ठरवा.