मॉरिशसच्या जंगलात वटवाघळं बघायला जावं का?

शेंद्रेकर (धागाकर्ता):
आमच्या साताऱ्याच्या ट्रेकिंग ग्रुपवर दोन दिवस रणकंदन चालू आहे, म्हणून इथं विचारतोय. दिवाळीनंतर काही जण मॉरिशसला चाललोय. सगळा वेळ समुद्रात डुंबण्यात घालवण्यापेक्षा एक दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जाऊ, असं मी सुचवलं. १९९४ चं उद्यान आहे आणि बेटावरचं जे थोडंफार मूळ जंगल उरलंय ते मुख्यतः तिथंच. तिथलं फळं खाणारं वटवाघूळ मला बघायचंय. मॉरिशस आणि शेजारचं रियुनियन सोडलं तर ते जगात कुठंच नाही. २०१८ मध्ये त्याला 'संकटग्रस्त' यादीत टाकलं. यावर निम्मा ग्रुप म्हणतो, संकटग्रस्त आहे म्हणूनच जाऊ नका. मला हे पटत नाही. ज्याला कुणी बघितलेलंच नाही, त्याच्यासाठी भांडणार कोण?

कासवाली:
तो निम्मा ग्रुप म्हणजे मीच, इथंही लिहिते. दादा, आपलं फुलांचं कास पठार आठवा. २०१२ ला जागतिक वारशाचा शिक्का बसला आणि रविवारी घाटाईच्या देवळापर्यंत गाड्या. फुलांत लोळून फोटो काढणारी माणसं मी बघितलीत, उठल्यावर तिथं तेरडा झोपलेला असायचा. मग जाळी आली, तिकीट आलं, बुकिंग आलं. वटवाघूळ तर दिवसा झोपतं. ते उडताना दिसावं म्हणून टाळ्या वाजवणारा, ड्रोन सोडणारा एक तरी महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, आपल्या ग्रुपमध्ये कोण ते सांगायला नको. पिल्लू वर्षाला एकच, तेही आईच्या पोटाला चिकटलेलं. भर दुपारी उठवलं तर त्या आईनं जायचं कुठं?

शेंद्रेकर:
कासचं अर्धंच सांगितलंत ताई. त्या तिकिटाच्या पैशावरच गावच्या समित्या पठार राखतात, पोरांना हंगामात काम मिळतं. मॉरिशसलाही शामारेलजवळ एबनी फॉरेस्ट म्हणून राखीव जंगल आहे. बाहेरून आलेली झाडं काढायची आणि मूळची लावायची, हे काम तिथं चालतं आणि त्याला पर्यटकांच्या पैशाचा हातभार लागतो. दुपारी झाडाखाली जायचंच नाही. संध्याकाळी लांब उभं राहून उडताना बघायचं, फ्लॅश बंद.

बेदाणा_तासगाव:
काय राव, तुमचं आपलं बघायचं का नाही बघायचं. ज्याच्या बागेत ते जेवायला उतरतं त्याला विचारलं का कुणी? आमच्याकडं द्राक्षाचा घड साखरेवर आला की रात्रीत चार-चार घड फोडून जातंय. मणी चार खाल्लं असतं तर म्हटलं असतं खा बाबा. पण फुटलेल्या मण्याचा रस खालच्या मण्यांवर उतरतो, सकाळी माशा बसतात आणि दोन दिवसांत अख्खा घड आंबतो. व्यापारी त्या ओळीकडं बघत पण नाही. तिथल्या लिचीवाल्याचं काय वेगळं असंल? सरकारनं गोळ्या घातल्या म्हणं तिथं. उगंच घातल्या नसतील.

वडाखालचे_मास्तर:
घातल्या, खरंय. २०१५ आणि २०१६ मिळून तीस हजारांच्या वर वटवाघळं मारली, लिची आणि आंबा वाचवायला. पुढंही मोहीम निघाली. त्यातूनच ते संकटग्रस्त झालं. आणि मारून फळ वाढलं, असं काही दिसलं नाही. कारण साधं आहे: फळ वाऱ्यानं, पक्ष्यांनी, उंदरांनीही जातं, पण खाल्लेलं दिसतं तेव्हा नाव एकाचंच.
आता दुसरी बाजू. डोडो १७ व्या शतकातच संपला, तिथली राक्षसी कासवंही गेली. जंगलातल्या मोठ्या बियांच्या फळांना लांब नेणारं आता जवळपास हेच एक उरलंय. फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतं, टाळूवर दाबून रस पितं आणि चोथा थुंकतं. वडाखाली सकाळी जे चपटे गोळे पडलेले असतात ना, तेच. त्याचं एक भावंड, लहान जातीचं, १९ व्या शतकातच नामशेष झालं.
आपण फार शहाणे होतो असं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आपलीही फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत 'उपद्रवी' प्राण्यांच्या अनुसूचीत होती. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीनं गेली.

बेदाणा_तासगाव:
मास्तर, कायदा बदलला म्हणून माझा घड आंबायचा थांबला का?

वडाखालचे_मास्तर:
नाही थांबला. जाळी लावा. तिथं सरकार जाळीला अनुदान देतं.

बेदाणा_तासगाव:
द्राक्षाला मांडव असतो, जाळी ताणून बसवता येते. परसातल्या वीस-पंचवीस फुटी लिचीवर कशी ताणणार? आणि ढिली सोडली तर वटवाघूळ त्यातच अडकून मरतंय, मग तुमचा ग्रुप फोटो टाकून आम्हालाच शिव्या घालणार.

मिरज_जंक्शन:
वटवाघळांतून येणाऱ्या निपाह विषाणूचं काय? २०२० ला पुण्याच्या विषाणू संस्थेनं महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली, त्यात निपाहची प्रतिपिंडं सापडली. हौस म्हणून असल्या ठिकाणी जायचं?

वडाखालचे_मास्तर:
ती गुहेतली होती, आणि बातमी आल्यावरही महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खाणारे कमी झाले नाहीत! मॉरिशसचं हे झाडावर लटकतं. खाली पडलेली उष्टी फळं उचलू नका, हात लावू नका, एवढं पाळा.

कासवाली:
मला तासगावकरांचं पटलं, आणि त्यामुळं माझा विरोध आणखी पक्का झाला. जंगलातलं झाड ही त्याची झोपायची जागा, तिथं जाऊच नये. नोव्हेंबरला तिकडं लिची धरलेली असते, संध्याकाळी ती वस्तीतच येणार. मग एखाद्याच्या परसात बसा की. तिकीट त्याला द्या.

शेंद्रेकर:
आणि परसवाल्यानं हाकललं तर?

कासवाली:
तर हॉटेलवर जाऊन झोपा.

मिरज_जंक्शन:
तिथं आपली मराठी माणसं आहेत की. ब्रिटिशांच्या काळात ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. एखाद्या घरी लिचीचं झाड निघंलच.

शेंद्रेकर:
बघतो ओळख काढून. पण उद्यान मी सोडत नाही, सरळ सांगतो. दुपारी नाही जाणार, ड्रोनवाल्याला घरी ठेवीन. जंगल न बघता नुसतं लिचीवरचं वटवाघूळ बघायचं म्हणजे त्याच्याबद्दल फक्त चोर म्हणूनच मत होणार.

कासवाली:
ड्रोनवाल्याला घरी ठेवणार कोण? तो तुमचाच मेव्हणा आहे.

बेदाणा_तासगाव:
जावा नाहीतर राहा, पण परसात बसलाच तर जाळीचा फोटो काढून आणा. भोक केवढं, दोर कुठला, आणि सरकारचं अनुदान वजा जाता एकरी काय पडतंय ते विचारा. पैकं रुपयात सांगा.