भंतेंना इंग्रजी कशाला? – एका पोस्टला उत्तर

सावित्रीकाठची (महाड):
काल एका ग्रुपवर वाचलं: "पाली धड येत नाही आणि भंतेंना इंग्रजी शिकवतायत. परदेशवाऱ्या करायच्यात का?" खाली अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्या विहारात श्रामणेरांना, म्हणजे शिकाऊ भिक्खूंना, इंग्रजी मी शिकवते. 'माय नेम इज' त्यांना येतं हो. गाडी अडते ती पुढे. पाहुणा विचारतो, आत्माच नाही तर पुनर्जन्म कोणाचा? मराठीत उत्तर तोंडपाठ. इंग्रजीत 'नो सोल, नो सोल' आणि गप्प. एका दिव्यावरून दुसरा पेटतो, पण पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जात नाही, हा राजा मिलिंदाच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या भिक्खू नागसेनांचा दाखला द्यायला जोडवाक्यं लागतात, 'जर-तर', 'असं असूनही' लागतं. म्हणून मी वादच घालायला लावते. एक मिलिंद, एक नागसेन. मिलिंद व्हायला सगळ्यांची चढाओढ. आणि बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' कुठल्या भाषेत लिहिला?

बाणकोटी_बाणा:
ताई, ती पोस्ट माझीच. भिक्खूंच्या नियमांचं विनयपिटक काढा. ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात, म्हणजे पंडितांच्या संस्कृतात, बांधायची परवानगी मागितली, भगवंतांनी त्यांना झाडलं. आज छंदसाच्या जागी इंग्रजी बसलीय, एवढंच. आमच्या वाडीत लग्नाला बौद्धाचार्य, म्हणजे विधी करणारे गृहस्थ, येतात, कारण भंते मिळतच नाहीत. जे आहेत त्यांनी गोऱ्यांना अनात्म समजवायचा की आमच्या पोरांना? पोरं वंदना घडाघडा म्हणतात, अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात.

दाभोळची_खाडी:
अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म आणला कोणी? श्रीलंकेतला जुना ग्रंथ महावंस म्हणतो, थेर धम्मरक्खित, आणि ते होते यवन, म्हणजे ग्रीक! इथल्या लोकांची भाषा शिकल्याशिवाय बोलले असतील का? धर्मानंद कोसंबी घ्या. गोव्यातल्या सांखवाळचा माणूस, सिंहलद्वीपात (श्रीलंकेत) जाऊन पाली शिकला, १९१० साली विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डला गेला. तिथे काय मालवणीत बोलला?

बाणकोटी_बाणा:
म्हणजे बाहेरचा आला तो इथली बोली शिकला. मग गोऱ्यांनी मराठी शिकावी. माझंच म्हणणं मांडलंत, आभारी आहे.

चाकरमानी_परळ:
पन्हाळेकाजीची गोष्ट ऐका. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठची २९ लेणी बघायला आम्ही एका भंतेंसोबत गेलो होतो. दोन परदेशी बायका आल्या होत्या. त्यांच्याबरोबरचे गृहस्थ फाडफाड इंग्रजीत सांगत होते, पांडवांनी एका रात्रीत कोरली! भंतेंना सगळं कळत होतं. पण तोंड उघडेना. माझंही इंग्रजी बेताचंच. जीव नुसता तळमळत होता.

अस्सल_दापोलीकर:
पांडव कुठे नाहीत? आमची आजीही तेच सांगायची. एवढं काय अंगाला लावून घ्यायचं? आणि तिथे नाथपंथी लेणीही आहेत, चौऱ्याऐंशी सिद्ध कोरलेत. ते तुम्ही लोक सांगता का कधी?

सावित्रीकाठची (महाड):
'तुम्ही लोक' म्हणजे कोण?

अस्सल_दापोलीकर:
मे महिन्यात आंबे खायला येऊन लेण्यांवर प्रवचन देणारे. बाकी वर्षभर रस्ता कसा आहे ते आम्हाला विचारा. तिथे वज्रयानी, म्हणजे तांत्रिक पंथाच्या, महाचंडरोषण देवतेची मूर्ती आहे, नाव तरी ऐकलंय?

चाकरमानी_परळ:
आंबे माझ्या बापाने लावलेल्या कलमांचे खातो, तुमच्या नाही. आणि मूर्ती बघितलीय. वज्रयानी म्हणजे बौद्धच ना? मग आजीचे पांडव आले कुठून?

अस्सल_दापोलीकर:
आजीवर जाऊ नका.

दाभोळची_खाडी:
अहो, धागा इंग्रजीचा आहे!

बाणकोटी_बाणा:
असू दे. भंते गप्प उभे राहिले ते मात्र मनाला लागलं. शिकवा बाई इंग्रजी, उपकार करा जगावर. पण सकाळी पाली, आणि वाडीतलं प्रवचन मराठीतच. शिकवता काय ते तरी कळू दे.

सावित्रीकाठची (महाड):
मिलिंदपञ्ह, म्हणजे मिलिंद-नागसेनांचा संवाद, आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाची प्रस्तावना. सध्या प्रस्तावनेतल्या चौथ्या प्रश्नावर अडलोय: भिक्खू स्वतः परिपूर्ण व्हायला की समाजाची सेवा करायला? श्रामणेरांत दोन तट पडलेत.

बाणकोटी_बाणा:
हा प्रश्न त्यांना मराठीत विचारा. रविवारी येतो ऐकायला. सेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने बसेन, आधीच सांगतो.

अस्सल_दापोलीकर:
महाचंडरोषणावर कोणीच बोललं नाही.