ॲप म्हणतं मायलेज तेवढंच, म्हणून ई२० निर्दोष?

कुडाळचा_पाना: काल ‘आंबोलीमार्गे’ यांनी लिहिलं की ओबीडीत (गाडीच्या तपासणी-सॉकेटात) मोबाइलला आकडे पाठवणारं डोंगल लावून सावंतवाडी–कोल्हापूरचे २०२३चे आणि आत्ताचे आकडे ताडले, ॲपमध्ये दोन्ही वेळा लिटरला १७ किमीच्या आसपास, म्हणजे घट शून्य, सबब ई२०च्या (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) नावाने गळा काढणारे सगळे व्हॉट्सॲपचे पदवीधर. आकड्यांचा एवढा तोरा, तर जरा सविस्तरच बोलू.

टाकीत काय ओतलंय ते तुमच्या ॲपला कळत नाही. असली बहुतेक ॲपं इंजिनात गेलेली हवा घेतात, १४.७ने भागतात आणि ‘एवढं पेट्रोल जळलं’ म्हणून मोकळी होतात. १४.७ हे निव्वळ पेट्रोलचं प्रमाण, म्हणजे किलोभर पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा. इथेनॉलचं ९. ई२०चं साडेतेराच्या आसपास. तेवढ्याच हवेला इंधन जास्त पडतं, ॲप जुनाच भागाकार करत बसतं. मायलेज तेवढंच दिसणार नाही तर काय!

पुरावा तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये आहे. खाली बारीक अक्षरांत लाँग टर्म फ्यूल ट्रिम, म्हणजे ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त इंधन सोडावं लागतंय ते: तेव्हा +१.६, आता +५.५. ऑक्सिजन सेन्सर ओरडतोय की मिश्रण पातळ झालंय (हवेच्या मानाने इंधन कमी), म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतोय. हे वाढीव चार टक्के कोणाच्या टाकीतून आले? फुल टू फुल भरा (टाकी काठोकाठ, गाडी चालवून पुन्हा काठोकाठ), पावत्या दाखवा.

आंबोलीमार्गे: चार टक्क्यांसाठी एवढं प्रवचन? आंबोलीत एका ट्रकमागे पहिल्या गिअरवर चढलो तरी याहून जास्त जातं. आणि नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या चारचाकींना सहा-सात टक्के घट छापलेलीच आहे. लपवलं कोणी?

कुडाळचा_पाना: मग काल ‘घट शून्य’ कोणी लिहिलं, ट्रकवाल्याने?

दापोली_टू_स्ट्रोक: मायलेजचं सोडा हो. माझी जुनी बाइक पावसाळ्यात दोन महिने पडवीत उभी होती. श्रावणात किक मारून मारून पाय सुजला. मेकॅनिकने कार्बोरेटरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं तर खाली वेगळाच थर, वर पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दुसरं असतं काय? हे डोंगलवर दिसतं का?

काजीखालचो: माका ट्रिमबिम कळणा नाय. पण ह्या इथेनॉल येता खयसून? घाटावरच्या उसातसून! आणि आमच्या काजीखाली एप्रिलात बोंडूंचो सडो. बी काढली की बोंडू थयच, माशये घोंगावतत. पलीकडे गोंयात त्याचीच फेणी घालतत. मग इथेनॉल कित्याक नाय?

घाटमाथा: आता उसापेक्षा मका-तांदळाचंच जास्त येतं, जरा माहिती घ्या. आणि बोंडूचा रस दुसऱ्या दिवशी आंबतो. हंगाम फेब्रुवारी ते मे. उरलेले आठ महिने कारखाना काय भाजणार, आठळ्या?

काजीखालचो: तुमचो कारखानो बाराय म्हयने गाळप करता? मार्च-एप्रिलात भोंगो बंद. मळी साठवतास ना? आणि आंबता तर बरा, आंबवूकच होया ना! बी वेचणाऱ्या बायकांका टोपलेमागे चार पैसे दिलास तर बोंडू गोळा जातले. पण कोकणाक द्यायची येळ इली की तुमका गणित आठावता.

घाटमाथा: रडगाणं नको, खर्चाचा हिशोब द्या.

काजीखालचो: हिशोब? हायवेचो दिलास काय कोणी? इतकी वर्सां खड्डे मोजतंव!

कुडाळचा_पाना: अहो, धागा फ्यूल ट्रिमचा आहे.

दापोली_टू_स्ट्रोक: राहू द्या, पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोलतंय.

आंबोलीमार्गे: घ्या. ग्लव्हबॉक्समधून तीन पावत्या काढल्या. फुल टू फुल १५.९, ॲप अजून १७वर अडून. झालं समाधान पानासाहेबांचं? तरी २०१६च्या गाडीचा एअर फिल्टरही तुंबलेला असेल, सगळं खापर इथेनॉलवर नको.

कुडाळचा_पाना: फिल्टर बदला, तीन टाक्या जाळा, मग या. आणि बोंडूवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

काजीखालचो: वेगळो कित्याक? ह्योच आमचो. ट्रिमवाल्यांनी जावचा.